पंप सुरू करण्याआधी

आमच्याकडे फवारणीचा एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. पंपाचा दोर ओढण्याआधी बांधावर उभं राहायचं आणि ऐकायचं. शेजारच्या रानातून बायकांचं गाणं येत असेल तर पंप खाली ठेवायचा आणि बसून राहायचं. गाणं थांबलं, बायका घरी गेल्या, की मग औषध मारायचं. मका डोक्याच्या वर गेला की आत माणूस आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. ते कानांनाच कळतं. म्हणून रानात एकटी उरलेली बाईसुद्धा गात राहते. मी अजून इथे आहे, एवढं सांगायला.

माझी बायको औषधाच्या वासाने गेली. म्हणजे कोणीतरी तो नियम मोडला होता. कोणी मोडला हे शोधण्यात माझा दीड महिना गेला.

त्या दिवशी मी घरी नव्हतो. कडबाकुट्टीचं पातं बोथट झालं होतं, त्याला धार लावायला बाजारगावी गेलो होतो. ती नेहमीच्या चार बायकांबरोबर आमच्या मक्यात तण काढायला गेली. बायका जेवणवेळेला घरी परतल्या. ती गाईसाठी चारा कापायला मागे राहिली. शेजारच्या भाजीच्या रानात फटफट्याने फवारणी सुरू केली आणि वारा आमच्या बाजूला होता. दोन-अडीचच्या सुमारास ती खोकत, ठेचकाळत बांधावर आली आणि बसली ती उठलीच नाही. त्यानेच तिला पाहिलं. त्यानेच मोटारसायकलवर पुढे बसवून, एका हाताने धरून दवाखान्यात नेलं. तिथून शहरातलं मोठं इस्पितळ. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

फटफट्या हे त्याचं खरं नाव नाही. त्याच्या पाठीवरचा मोटरपंप जुन्या मोटारसायकलसारखा वाजतो, म्हणून सगळे त्याला तसं म्हणतात. वय चाळिशीच्या आतबाहेर. पाच-सहा वाड्यांची फवारणी तोच करतो. माणूस तसा वाईट नाही, पण कायम घाईत. जेवतानाही एक पाय उंबऱ्याबाहेर, अशी त्याची बायकोच त्याची चेष्टा करते.

इस्पितळाच्या बाकावर तो माझ्या शेजारी बसला होता. त्याच्या सदऱ्याला औषधाचा वास येत होता. मी काही विचारण्याआधीच म्हणाला, "काका, मी ऐकलं होतं. गाणं नव्हतं."

माझ्या मनात पाल चुकचुकली. न विचारता उत्तर देणाऱ्या माणसाकडे आधीपासून तयार केलेलं उत्तर असतं. आणि तो माझ्याकडे बघत नव्हता, फरशीकडे बघत होता.

माझ्या बायकोचा आवाज कसा होता हे सांगायला हवं, नाहीतर मला का संशय आला ते कळणार नाही. तो गोड नव्हता. गोड आवाज माझ्या वहिनीचा, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोचा. माझ्या बायकोचा आवाज लांब जायचा. ती ओळीच्या या टोकाला गायला लागली की दोन रानं पलीकडची गुरं मान वर करायची. कामाचं गाणं तीच सुरू करायची. एक ओळ ती म्हणायची, मग बाकीच्या तीच ओळ परत म्हणायच्या, आणि त्या चालीवर सगळ्यांचे हात एकदम चालायचे. हळू चाल धरली तर काम हळू, जलद धरली तर जलद. दुपारी बायका दमल्या की ती हे कडवं घ्यायची:

ओळीमागून ओळ बाई, सरता सरेना,
पाठ म्हणे बस आता, हात ऐकेना.

एकटी असली तरी तेच म्हणायची. अशी बाई रानात होती, आणि बांधावरच्या माणसाला गाणं ऐकू आलं नाही, हे मला कोणी पटवून द्यावं.

तिला पंधरा दिवस खोकला होता, हे खरं. मी त्याकडे दुर्लक्ष केलं नव्हतं. मीच तिला उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, बाटलीतलं औषध दिलं, गोळ्या दिल्या, वाफ घ्यायला सांगितलं, घशाला आराम द्या म्हणाल्या. मी घरी पाणी उकळून द्यायचो, डोक्यावर टॉवेल धरायचो. गोळ्या वेळेवर घेते का बघायचो. गाणं बंद ठेव, निदान रविवारपर्यंत, असंही बजावलं होतं. रविवारी लेक येणार होती. आईची सगळी गाणी फोनमध्ये भरून घ्यायची म्हणून तिने खास सुट्टी काढली होती. लेकीला काय कावळ्याचा आवाज भरून देणार आहेस, असं मी म्हटलं. ती 'बरं बरं' म्हणाली आणि चुलीकडे वळली. ती माझं ऐकणाऱ्यातली नव्हती. चाळीस वर्षं मी चहात साखर कमी घाल म्हणत होतो, ते तिने एकदाही ऐकलं नाही.

शेवटच्या दिवशी इस्पितळात तिच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. बोलता येत नव्हतं. मी वाकून विचारलं, "फटफट्याला तुझं गाणं ऐकू गेलं नाही का गं?" तिने गळ्याला हात लावला. मला वाटलं पाणी हवंय. नर्सने पाणी द्यायला मनाई केली. मी तिला तसं सांगितलं. तिने परत गळ्याला हात लावला आणि माझ्याकडे बघत राहिली.

ती गेल्यावर घरात माणसांची रीघ लागली. पहिल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की कुठेतरी पाणी मुरतंय. रानात तिच्याबरोबर असलेल्या चौघींपैकी तिघी ओसरीवर बसलेल्या असायच्या. मी आतून बाहेर आलो की त्यांचं बोलणं थांबायचं. बाई मेलेल्या घरात बायका गप्प होणार, हे मलाही कळतं. पण हे गप्प होणं वेगळं होतं. एकीने दुसरीच्या गुडघ्याला हात लावायचा, मग तिसरीने गाईचं विचारायचं. गाय बरी आहे का. गाय बरी होती. गाईला काय धाड भरली होती.

चौथी माझी वहिनी. ती रोज जेवणाचा डबा आणून ठेवायची. भाऊ वारल्यापासून ती आमच्या मागच्याच घरात एकटी राहते. ती बोलघेवडी बाई, पण आता डबा ठेवला की निघाली. मी म्हटलं, बसा जरा. म्हणाली, धुणं पडलंय. दुसऱ्या दिवशीही धुणंच. एकट्या बाईचं रोज एवढं कसलं धुणं, हे मी मनात म्हटलं, तोंडाने बोललो नाही.

मग, बायको गेल्याला आठवडा झाला तेव्हा, मी फटफट्याला वहिनीच्या घरातून बाहेर पडताना पाहिलं. मागच्या दाराने. मी गोठ्यात होतो, त्याने मला पाहिलं नाही. वहिनी दारात पदर तोंडाला लावून उभी होती, आणि तो जाताजाता वळून हाताने 'नको, नको' असं करत होता. आमच्या अंगणात पाऊल टाकायची त्याची हिंमत झाली नव्हती, आणि मागच्या घरी मात्र भर सकाळी येऊन गेला.

त्या दिवसापासून मी सगळं जोडायला लागलो. माणसाला एकदा संशय आला की त्याला खाद्य कमी पडत नाही. मला वहिनीचं एक जुनं बोलणं आठवलं. बायको लग्न होऊन आली तेव्हा रानात पहिला आवाज वहिनीचा होता. दोन वर्षांत तो माझ्या बायकोकडे गेला, कारण तिचा लांब जायचा. तेव्हा वहिनी हसत म्हणाली होती, "मान थोरलीचा आणि कान धाकटीला." आम्ही सगळे हसलो होतो. आता चाळीस वर्षांनी ते वाक्य मी उलटसुलट करून बघू लागलो. त्या दिवशी बायका तिला एकटीला सोडून का आल्या? वहिनी तर नेहमी तिच्याबरोबरच घरी यायची.

नर्सबाईंकडे गेलो. म्हटलं, माझ्या बायकोला काय काय दिलंत ते वहीत दाखवा. उपकेंद्राच्या त्या खोलीत एक टेबल, एक वजनकाटा, भिंतीवर हात कसे धुवायचे त्याची चित्रं. त्यांनी वही उघडली, बोटाने नाव शोधलं, वाचलं आणि वही मिटली.

"काका, औषध बरोबर होतं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मग दाखवायला काय हरकत आहे.

"आता त्याचा काय उपयोग. तुम्ही नीट जेवताय का?"

मी वही मागितली तर त्या माझं वजन करायला निघाल्या. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते मनात म्हणतच मी वजनकाट्यावर उभा राहिलो. सहा किलो कमी भरलं.

शेतकी कचेरीत मी तक्रार दिली होती. साहेब सोमवारी येऊन दोघांचं ऐकणार होते. नियम मोडून औषध मारलं असं ठरलं तर फटफट्याचा फवारणीचा परवाना जाणार होता आणि पुढचं प्रकरण पोलिसांकडे. त्याच्या घरात बायको, म्हातारी आई आणि दोन शाळेत जाणाऱ्या मुली. त्याला दुसरं काही येत नाही. तक्रार मागे घ्या, असं लोकांनी मला आडून सुचवून बघितलं. मी म्हटलं, मला त्याचं वाईट करायचं नाही. पण माझी बायको रानात गात होती आणि त्याने ते ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि घाईपायी पंप सुरू केला. दोन्हीतलं एक त्याने माझ्या तोंडावर कबूल करावं. खोटं बोललेलं मी सोडणार नाही.

साहेबांपुढे नुसतं म्हणून चालणार नव्हतं, म्हणून मी पडताळा घ्यायचं ठरवलं. मका वाळत आला होता, पण उभा होता. वारा त्या दिवशीसारखाच होता. वहिनीला म्हटलं, तुम्ही आमच्या मक्यात, जिथे ती चारा कापत होती तिथे उभ्या राहा आणि गा. मी फटफट्या उभा होता तिथे उभा राहतो.

वहिनी चटणी वाटत होती. तिचा हात थांबला. "मी नाही गाणार," ती म्हणाली.

"एक कडवं."

"अर्धंसुद्धा नाही. भावजी, हा नाद सोडा."

आता मला खात्रीच झाली. माणूस गायला का घाबरेल? ऐकू गेलं तर कोणाचं तरी खोटं उघडं पडेल म्हणून.

लेक शनिवारी आली होती. तिला नेलं. तिला गाणी येत नाहीत. ती शिकायचीच राहिली, आई आज ना उद्या भरून देईल म्हणत म्हणत. म्हणून मी म्हटलं, नुसत्या हाका मार, अंक म्हण, काहीही म्हण. ती मक्यात शिरली. मी बांधावर, पंप ठेवायच्या दगडापाशी उभा राहिलो. तिथे जमिनीवर अजून औषधाचा पांढरा डाग होता. थोड्या वेळाने आवाज आला. "बाबा, एक. बाबा, दोन. बाबा, तीन." मोकळा, स्पष्ट. लेकीचा आवाज काही आईसारखा नाही, तरी शब्द न् शब्द आला. अकरापर्यंत आली आणि मग तिचा आवाज फुटला. मी तरी ऐकतच राहिलो. मला आनंद झाला होता, हे लिहायला लाज वाटते, पण झाला होता. चोर सापडल्याचा आनंद.

लेकीला घरी पाठवून मी सरळ वहिनीकडे गेलो. ती सूप घेऊन दारात बसली होती, डाळ पाखडत. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "उद्या मी साहेबांना सांगणार आहे. तो खोटं बोलतोय. आणि तुम्ही त्याला सामील आहात."

वहिनीने सूप खाली ठेवलं. "काय म्हणून खोटं?"

"आत्ता लेकीने आतून हाक मारली. बांधावर सगळं ऐकू आलं."

"लेकीने हाक मारली म्हणून आलं. तिने मारली नव्हती."

मला कळलं नाही. मी म्हटलं, ती हाक कशाला मारेल, ती गात होती.

"ती गात नव्हती, भावजी." वहिनी माझ्याकडे बघत होती, दीड महिन्यात पहिल्यांदा. "सकाळपासून नाही. पहिला आवाज मी दिला त्या दिवशी. ती नुसते ओठ हलवत होती. मी म्हटलं, अगं काय मुकी झालीस का. तर म्हणाली, ह्यांना शब्द दिलाय, रविवारपर्यंत गायचं नाही. आम्ही हसलो तिला. म्हटलं, तू आणि नवऱ्याचं ऐकतेस? तर म्हणाली, चाळीस वर्षांत एकदा तरी ऐकू दे, नाहीतर म्हातारा मरेपर्यंत बोलून दाखवेल."

मी उंबऱ्यावर बसलो.

वहिनी पुढे बोलत होती. तिने सांगितलं की निघताना तिने माझ्या बायकोला विचारलं होतं, एकटी राहतेस, निदान गुणगुण तरी. त्यावर ही म्हणाली, आज कोणाची फवारणी नाही, भाजीवाल्याची उद्या आहे, मीच काल विचारलं. आणि ते खरं होतं. भाजीवाल्याने ऐन वेळी फटफट्याला निरोप धाडला होता की कीड वाढली, आजच मार. मक्यात एकटी बाई आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि आज फवारणी आहे हे बाईला माहीत नव्हतं. तो बांधावर उभा राहिला, त्याने ऐकलं. मका नुसता सळसळत होता. त्याने पंप सुरू केला, आणि एकदा तो सुरू झाला की शेजारी ढोल वाजला तरी त्याला ऐकू येत नाही.

"मी थांबायला हवं होतं," वहिनी म्हणाली. "मला धुण्याची घाई."

मी विचारलं, "फटफट्याला माहीत आहे? ती का गात नव्हती ते?"

"ती गेल्यावर आठवड्याने मीच त्याला बोलावून सांगितलं. तो जिवाला खात होता, म्हणत होता माझे कान गेलेत. म्हटलं, तुझे कान ठीक आहेत बाबा. तुमच्यापुढे खरं काय ते सांग, असं म्हटलं मी त्याला. तर म्हणाला, नको. काकांना कळलं तर ते उभे राहायचे नाहीत. मी साहेबांना सांगेन, मी ऐकलं, गाणं नव्हतं. तेवढंच. का नव्हतं ते नको."

"परवाना जाईल त्याचा."

"ते मी म्हटलंच. म्हणाला, जाऊ दे."

नर्सबाईंच्या वहीत काय लिहिलं होतं ते मी नंतर पाहिलं. पुन्हा उपकेंद्रात जाऊन मी नुसता बसून राहिलो, तेव्हा त्यांनी आपण होऊन वही उघडून दाखवली. खोकला, छातीत घरघर, औषधांची नावं, आणि खाली: एक आठवडा गाणं बंद, पतीला समजावून सांगितले. समजावून सांगितले. मीही समजावून सांगितलं. तिलाही समजलं. सगळ्यांनी सगळं बरोबर केलं होतं.

त्या संध्याकाळी वहिनीच्या दारातून उठून मी घरी आलो. लेकीने चहा केला. त्यात साखर कमी होती. मी डबा काढला आणि दोन चमचे वर घातली. लेक बघत राहिली. इस्पितळात तिने दोनदा गळ्याला हात लावला होता, ते मी चहा पिताना लेकीला सांगितलं. बाकीचंही सांगितलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. मला तो नको होता, पण मी काढला नाही.

सोमवारी कचेरीच्या खोलीत आम्ही दोघं टेबलाच्या एकाच बाजूला बसलो, कारण दुसऱ्या बाजूला साहेब आणि त्यांचे कागद होते. साहेब वयाने लहान होते. त्यांनी आधी फटफट्याला विचारलं. तो म्हणाला, "मी बांधावर उभा राहून ऐकलं. गाणं नव्हतं." साहेबांनी विचारलं, तुम्ही आत जाऊन का बघितलं नाही? तो म्हणाला, "बघायला हवं होतं. आम्ही बघत नाही. आम्ही ऐकतो." मूग गिळून बसायची त्याची तयारी मला दिसत होती.

मग साहेब माझ्याकडे वळले. रात्रभर मी काय काय बोलायचं ठरवलं होतं. फक्त तक्रार मागे घेतो म्हणायचं आणि उठायचं, असंही ठरवलं होतं. ते सोपं होतं. पण मग गावात लोक म्हणाले असते, काकांनी दया केली. सगळं फटफट्याच्या अंगाला चिकटून राहिलं असतं, आणि मी दयाळू.

मी म्हटलं, "साहेब, तो खरं बोलतोय. गाणं नव्हतं. मी तिला गाऊ नको म्हणून सांगितलं होतं."

साहेबांचं पेन थांबलं. फटफट्याने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "काका, कशाला."

मी सगळं सांगितलं. खोकला, रविवार, फोन, कावळ्याचा आवाज. साहेबांनी विचारलं, मग तुमची तक्रार नक्की कोणावर? मी म्हटलं, कोणावर नाही, पण लिहून घ्या. त्यांच्या छापील कागदावर 'तक्रार कोणाविरुद्ध' असा एक रकाना होता. त्यांनी तो रिकामा सोडला आणि कागदाच्या मागच्या बाजूला लिहायला लागले. शेवटी फटफट्याला ताकीद मिळाली, की यापुढे आत चालत जाऊन बघायचं, नुसतं ऐकून भागणार नाही. परवाना राहिला.

बाहेर पडल्यावर त्याने मोटारसायकल पुसली आणि म्हणाला, बसा, सोडतो. मी बसलो. त्याच मोटारसायकलवर तिला नेलं होतं, हे दोघांच्याही मनात होतं. घरापाशी उतरताना मी त्याला म्हटलं, भाजीवाल्याने निरोप दिला तेव्हा तू चार घरी सांगून यायला हवं होतंस. तो म्हणाला, हो. मी म्हटलं, आणि मी तुझ्याकडे पहिल्याच दिवशी यायला हवं होतं. त्यावर तो 'हो' म्हणाला नाही. 'येतो काका' म्हणाला.

यंदा मका पुन्हा डोक्यावर गेला आहे. गाईचा चारा आता मीच कापतो. बायका तण काढायला येतात. पहिला आवाज वहिनीचा असतो, आणि लेक महिन्यातून एकदा येऊन तिची गाणी फोनमध्ये भरून घेते. वहिनी आधी तयार नव्हती. म्हणाली, तिचं होतं ते. मग एका दुपारी आपण होऊन फोन पुढे ओढला.

परवा बायका घरी गेल्यावर मी एकटाच आत होतो. बांधावर पावलं वाजली. मग थांबली. कोणी चालेना, कोणी बोलेना. मला कळलं, फटफट्या ऐकत उभा आहे. ऐकून झालं की तो आत येणार, ओळीओळीतून बघत, कारण आता तो तसंच करतो. त्याला दमवण्यापेक्षा आपणच सांगावं.

हाक मारली असती तरी चाललं असतं. पण नियम गाण्याचा आहे. माझा आवाज कसा आहे ते सगळ्या गावाला माहीत आहे. बायको म्हणायची, तुम्ही गोठ्यात गाऊ नका, गाय दूध आटवेल. मला फक्त तेच एक कडवं येतं. विळा हातात तसाच धरून मी म्हटलं,

ओळीमागून ओळ बाई, सरता सरेना,
पाठ म्हणे बस आता, हात ऐकेना.

बांधावरून फटफट्याचा आवाज आला. "काका, कळलं. आहात तुम्ही. आता थांबलात तरी चालेल."

त्याला हसू आवरत नव्हतं, हे इथवर ऐकू येत होतं. मी थांबलो नाही. भारा अजून अर्धा व्हायचा होता. पंप दगडावर ठेवल्याचा आवाज आला, आणि मग तोही खाली बसला असावा, कारण पुढे बराच वेळ मक्यात माझ्याशिवाय कोणाचाच आवाज नव्हता.